आतलं माणूस

खोलीत चार खुर्च्या होत्या आणि पाच माणसं. टेबल एक, त्यावर दोन लॅपटॉप, तीन पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांची एक बशी. भिंतीवर फुप्फुसांचं मोठं चित्र, त्याचा खालचा कोपरा चिकटपट्टीतून सुटून पुढं वळलेला. खिडकी एकच आणि तीही बंद, कारण एसी चालू होता. खुर्च्यांवर लॅबच्या प्रमुख मॅडम, मॅडमच्या हाताखाली पीएचडी करणारा सुशांत, निधी आणि निधीचे बाबा. संघमित्रा उभी. तिला कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं, बस म्हणायचं कुणी विसरलंही नव्हतं. खुर्ची नव्हती, एवढंच. बशीत सहा बिस्किटं होती. निधीच्या बाबांनी दोन खाल्ली तेव्हा चार उरली, आणि आपण मोजतोय हे लक्षात आल्यावर तिनं नजर उचलून चित्रावर ठेवली. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण डावीकडं हृदयाला जागा द्यावी लागते. हे तिला पाठ होतं. विचारलं तर सांगायला आणखी पुष्कळ पाठ होतं.

अकरावीतल्या मुलीला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोण घेणार, असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायलासुद्धा संशोधन म्हणजे काय ते ठाऊक असलेलं माणूस घरात लागतं. कॉलेजच्या नोटीसबोर्डवर बारावीच्या एका मुलाचा फोटो लागला होता. सुट्टीत कुठल्याशा संस्थेत काम करून तो आता परदेशी शिकायला निघाला होता. त्या फोटोत त्याच्या अंगावर पांढरा कोट होता आणि बाह्या त्याला लांब होत होत्या. त्या लांब बाह्या तिच्या मनात घर करून बसल्या. तेव्हापासून ती प्राध्यापकांना मेल लिहीत होती. एकेकाचं काम वाचायचं, न समजलेलं पुन्हा वाचायचं, त्यातला एखादा प्रश्न उचलायचा आणि आदरपूर्वक विचारायचा. खाली नाव, इयत्ता, आणि पत्ता. पत्ता कुणी मागितलेला नसे, तरी ती घाली: मुलुंड पूर्व, मावशीची सोसायटी, दुसरा मजला. ती राहत होती त्या टेकडीवरच्या प्रत्येकाकडं असा एक उसना पत्ता असतो. नोकरीच्या अर्जावर चुलत्याचा, मुलीच्या बायोडाटावर मामाचा. रिक्षावाल्यालाही 'पाण्याच्या टाकीपाशी' म्हणून सांगायचं आणि उरलेला चढ पायी चढायचा. सारनाथ टेकडी हे पूर्ण नाव रेशनकार्डावर आणि पोलिसांच्या तोंडी. बाकी सगळ्यांना ते राहतात घाटकोपर वेस्टला, मेट्रोपासून जवळ.

उत्तर कुणाचंच आलं नव्हतं. एकदा आलं ते यंत्राचं होतं, सर रजेवर आहेत म्हणून. तेही तिनं पुसलं नाही.

तिच्या वर्गातल्या निधीनं एकही मेल लिहिली नव्हती. निधीचे बाबा रविवारी ज्यांच्याबरोबर बॅडमिंटन खेळत ते मॅडमचे दीर निघाले. "तू पण चल ना यार," निधी म्हणाली होती, "मला एकटीला जाम बोअर होईल." म्हणून ती आली होती, आणि आता मॅडम निधीला विचारत होत्या की रिसर्चच का, आणि निधी छान हसून सांगत होती की तिला लहानपणापासून सगळ्याचं कुतूहल. मग मॅडम सौजन्यानं इकडं वळल्या. "आणि तू?"

"मॅम, मी तुमचा धुळीवरचा पेपर वाचला," संघमित्रा म्हणाली. वाक्य ठरलेलं होतं. "त्यात मला असं विचारायचं होतं, की एकाच हवेत राहणाऱ्या दोन माणसांची फुप्फुसं वेगवेगळी का झिजतात, म्हणजे जर—"

"मॅम, ही त्या टेकडीवरच राहते," निधी म्हणाली. "सारनाथ टेकडी. तुम्ही मघाशी म्हणालात ना, तीच."

एसीचा आवाज तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. मान आपोआप खाली गेली, जशी शाळेत वर्गासमोर स्कॉलरशिपची नावं वाचताना, जातीच्या रकान्यासकट, खाली जात असे. आता मॅडम म्हणतील, बरं बरं. आणि पुन्हा निधीकडं वळतील. पण मॅडमनी खुर्ची पुरती तिच्याकडं फिरवली.

"तिथलीच? राहतेस तिथं?"

"हो, मॅम."

"जन्मापासून? लोक ओळखतात तुला?"

"माझे आजोबा तिथले पहिले रहिवासी."

मॅडमनी सुशांतकडं पाहिलं. सुशांतनं मॅडमकडं पाहिलं. "अरे, बसायला दे ना तिला," मॅडम म्हणाल्या, आणि सुशांत खुर्ची सोडून उठला.

तिचा प्रश्न अर्धा राहिला तो राहिलाच. त्या खुर्चीत मात्र सुशांतची ऊब होती आणि समोर बशी सरकवली गेली होती. मॅडम सांगत होत्या. टेकडीच्या पायथ्याशी सिमेंट कालवायचा प्लांट, मागं जुनी खाण, मध्ये माणसं; अशी जागा शोधून सापडायची नाही. पण वस्तीतले लोक दारात उभं करत नाहीत. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणाची टीम येऊन रक्त घेऊन गेली, रिपोर्ट कधी दिले नाहीत, त्याचा राग हे लोक आता आमच्यावर काढतात. "आम्हाला एक आतलं माणूस हवं होतं, बेटा." पंचावन्नच्या पुढची चाळीस माणसं तिनं आणायची, मशीनमध्ये फुंकायला लावायची. मार्चमधल्या विद्यार्थी परिषदेत पोस्टर लागेल, त्यावर तिचं नाव येईल; मॅडम स्वतः शिफारसपत्र देतील. निधी इथं लॅबमध्ये बसून आकड्यांचं विश्लेषण करील. "टीमवर्क," निधीचे बाबा म्हणाले आणि तिसरं बिस्कीट घेतलं.

परतताना मेट्रोत निधी म्हणाली, "रागावलीस?"

"नाही."

"सॉरी हां. पण बघ ना, झालं की नाही काम? आणि सगळ्यांना माहीतच आहे गं. तूच आपली मुलुंड-मुलुंड करत असतेस."

सगळ्यांना. म्हणजे केव्हापासून? दिवाळीआधी निधीनं विचारलं होतं, मावशीकडं स्विमिंग पूल आहे का गं, आणि ती म्हणाली होती, आहे, पण रिपेअरला काढलाय. तेव्हा निधी 'अच्छा' म्हणाली होती. तो 'अच्छा' आता तिनं पुन्हा कानाशी धरून पाहिला. त्याला एक वळण होतं. बाजूला वर्गातली जान्हवी आणि सर्वेशही बसले होते, आणि जान्हवीनं तेव्हा डबा उघडण्यासाठी मान खाली घातली होती. उगाच का घातली असेल? खाली घाटकोपरची पत्र्याची छपरं सरकत होती, निळ्या ताडपत्र्यांची, आणि तिला वाटलं की मेट्रोतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे यातलं कुठलं छप्पर हिचं.

श्वास मोजायचं मशीन हाताएवढं होतं. एक पांढरी पुठ्ठ्याची नळी, नाकाला चिमटा, वायरचं दुसरं टोक लॅपटॉपला. सुशांतनं तिला शिकवलं. छाती काठोकाठ भरून घ्यायची, नळी ओठांत घट्ट धरायची, आणि एका झटक्यात सगळं बाहेर फेकायचं. पडद्यावर रेघ पुढं पुढं जात राहते, ती आडवी होईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या सेकंदात किती बाहेर पडलं ते महत्त्वाचं. अशा निदान तीन चांगल्या फुंका हव्यात आणि त्यांत फार फरक नको. मग मशीन दर्जा देतं, ए पासून एफ पर्यंत. सी, डी असेल तर तो माणूस पोस्टरसाठी फुकट. "आणि मुख्य म्हणजे ओरडायचं," सुशांत लाजून म्हणाला. "माणूस आपणहून पूर्ण फुंकत नाही. त्याला वाटतं संपलं. संपलेलं नसतं. आपण ओरडून काढून घ्यायचं असतं." आणि त्यानं करून दाखवलं: चालू ठेवा, चालू ठेवा, अजून, अजून. तो रत्नागिरीकडचा सौम्य मुलगा. ओरडला तरी माफी मागितल्यासारखं वाटे. पहिल्या दिवशी विहाराच्या हॉलमध्ये त्यानं तीन म्हाताऱ्यांना फुंकायला लावलं आणि तिन्ही सी आले. चौथ्याला ती ओरडली.

तो आवाज आबांनी, तिच्या आजोबांनी, घडवलेला होता. चौदा एप्रिलच्या स्टेजवर ती पाच वर्षांची असल्यापासून भाषण करी; आबा समोर पहिल्या रांगेत बसून पोटावर हात ठेवून दाखवत, इथून काढ, इथून. माईक बंद पडला तरी मागच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. "आपला आवाज लय दिवस दाबून ठेवलेला माल हाय," ते म्हणत, "सांडू दे." आता तोच आवाज हॉलच्या पत्र्याला लागून परत येऊ लागला. फुंका! फुंका! थांबायचं नाही! आहे अजून, आहे, काढा, काढा, काढा! म्हातारा लाल झाला, डोळे बाहेर आले, रेघ पुढं गेली, आणखी गेली, आडवी झाली. ए. सुशांतनं तिच्याकडं बघितलं ते बघणं तिला आवडलं. संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला: काय आवाज आहे मुलीचा!

तिला सगळ्यात नवल वाटलं ते याचं की सुशांत म्हणाला तसंच होतं. माणूस म्हणे संपलं, आणि संपलेलं नसे. तळाशी नेहमी काहीतरी असे. ज्यांनी तिला कडेवर खेळवलं, नळावर भांडणात शिव्या दिल्या, परीक्षेच्या दिवशी हातावर दही घातलं, त्या सगळ्यांच्या तळाशी जाऊन ती ते खरवडून काढी. पुढं पुढं ती वाटेत भेटलेल्या माणसाच्या तोंडाकडं न बघता छातीकडं बघू लागली. दशरथकाका, बी. धोंडिराम वॉचमन, ए. हे लोक तिला आता ओळखीचे वाटत नसत. फार तर वाचून झालेले वाटत. "आमचे रिपोर्ट मिळतील ना गं?" असं प्रत्येक जण विचारी. रिपोर्ट द्यायचे नव्हते. हे संशोधन आहे, उपचार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. ती म्हणे, "मिळणार की." पहिल्यांदा म्हणताना कानशिलं तापली. नंतर नाही तापली.

जानकीकाकू आल्या तेव्हा वीसेक जणांचं झालं होतं. काकू शेजारच्या, चार मुलांच्या आई, आईची नळावरची मैत्रीण. दोन फुंका चांगल्या झाल्या, पण आकडे जुळेनात. तिसरी हवी होती. "बास गं आता," काकू हळूच म्हणाल्या, "मला जरा घरी जाऊन येऊ दे." "एकच, काकू. एकच." आणि ती ओरडली, आणि काकू फुंकत असताना त्यांच्या हिरव्या पातळावर मांडीपाशी एक गडद डाग उमटला आणि पसरत गेला. खुर्चीच्या कडेवरून थेंब फरशीवर पडला. सुशांतनं मान वळवली. रांगेत बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. संघमित्राला डाग दिसला. रेघ अजून आडवी झालेली नाही हेही दिसलं. "थांबू नका!" ती म्हणाली. "आहे अजून, काकू, आहे!"

काकूंना ए मिळाला.

"जानकी आज नळावर माझ्याशी बोलली नाही," संध्याकाळी आई म्हणाली. आई चार घरची पोळ्या-भाजी करून येई आणि आल्यावर प्रथम ओटा पुसी, पुसलेला असला तरी. "हंडा भरला आणि तोंड फिरवून गेली. काय केलंस गं तिचं?"

"काही नाही. फुंकायला लावलं."

"सगळ्या बायकांसमोर?"

"मग काय पडद्यात लावू? मेडिकल टेस्ट असते ती, आई. तुला नाही कळायचं."

आई ओटा पुसत राहिली. "मला नाही कळायचं," ती म्हणाली. "तिला कळलंय."

त्यानंतर बायका येईनाशा झाल्या, मग पुरुषही. ती दारोदार गेली. दारं उघडी असत, माणसं आत असत, आणि आतून आवाज येई, ते घरी नाहीत. कुणीतरी पोरांना शिकवलं असावं. ती दिसली की पोरं गालफडं फुगवून ओरडत, काढा, काढा, काढा! तरी तिनं ओढून-ताणून एकोणचाळीस केले. एक राहिला, आणि टेकडीवर फुंकायला तयार माणूस उरला नाही. मॅडमनी फोनवर फार प्रेमानं सांगितलं, "हे बघ बेटा, सोमवारी पोस्टर छपाईला जातंय. चाळीस नसतील तर तुझ्या वस्तीचा भाग मला वगळावा लागेल, नंबर्सना अर्थच राहत नाही. निधीचे ग्राफ शहराच्या जुन्या डेटावर तयार आहेत. तिचं तिचं लागेल. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू अनुभव घेतलास." मागं कुणीतरी हसल्याचा आवाज आला. निधी असेल, नसेलही. फोन ठेवल्यावर तिला बिस्किटं आठवली नाहीत की खुर्ची आठवली नाही. तिला त्या मुलाच्या लांब बाह्या आठवल्या, आणि त्या बाह्यांत निधीचे हात.

घरात आबा दाराशी बाजेवर बसले होते, काळा चष्मा लावून. बारा दिवसांपूर्वी एका शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डाव्याचा अजून काढायचा होता. तो पार पिकलेला, त्यातून उजेड-अंधार एवढंच कळे. आबांनी तरुणपणी याच टेकडीच्या खाणीत खडी फोडली, मग फोडलेल्या जागेवर झोपडं घातलं. ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तिला जवळ बोलावून तिचा चेहरा पाहिला होता, बराच वेळ. "लय मोठी झालीस की गं," म्हणाले होते. "मी आपला लहानच धरून चाललो व्हतो." रोज तेच विचारत, आज किती झाले, कोण कोण आलं, आणि रोज म्हणत, "मला न्ये की, मी काय कमी फुंकंन का?" ती म्हणे, नाही आबा, तुमचा डोळा. फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न तो होता: गेल्या महिन्याभरात डोळ्याचं ऑपरेशन? सुशांतनं पहिल्या दिवशी त्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, हे 'हो' असेल तर मशीनला हातही लावू द्यायचा नाही. जोरात फुंकलं की डोक्यात दाब चढतो. टाका उसवू शकतो.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. बघत होती ती त्यांच्या छातीकडं. बनियनच्या आत ती उथळ उठत होती, बसत होती.

"आबा, चलता का?"

"आन् डोळा?"

"काही होत नाही."

"डाक्तर म्हनला, शिंकू नको, खोकू नको, वाकू नको."

"हे शिंकणं नाही."

आबांनी मान वर केली. काळ्या काचांत तिला आपणच दोनदा दिसलो. "तुझं काम अडलंय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मघापासून सांगत का न्हाईस?" ते म्हणाले, आणि बाजेखालची चप्पल पायानं चाचपू लागले.

विहाराच्या पायऱ्यांपाशी तिनं त्यांचा चष्मा काढून घेतला. "हा नको, चिमटा बसत नाही," ती म्हणाली. चिमटा बसला असता. उन्हानं त्यांनी उजवा डोळा मिटून घेतला आणि तिचा हात धरला. हॉलमध्ये रविवारची वंदना नुकतीच झाली होती, मेणबत्त्या विझवल्याचा वास अजून होता. सुशांत मशीन मांडून वाट बघत होता. आबांना पाहून तो उठून उभा राहिला, त्यानं नमस्कार केला; तिच्या घरी येऊन एकदा जेवून गेला होता तो, ऑपरेशनच्या बऱ्याच आधी. त्यानं फॉर्म पुढं ओढला.

"डोळ्याचं ऑपरेशन? महिन्याभरात?"

"नाही," ती म्हणाली.

सुशांतनं आबांकडं पाहिलं. आबांनी तिच्या आवाजाच्या दिशेला मान वळवली, आणि ती तशीच ठेवून म्हणाले, "पोरगी म्हनती ते बराबर."

पहिली फुंक मध्येच तुटली. आबांनी नळी सोडून हात डोळ्याकडं नेला, मग खाली घेतला. डी. "दुखतंय का कुठं?" सुशांतनं विचारलं. "दम लागतो," आबा म्हणाले. "म्हातारं इंजान." दुसरी त्याहून बरी, पण रेघ आडवी होण्याआधी संपली. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. सुशांत म्हणाला, "राहू दे का आज?" त्याचा प्रश्न तिला ऐकू आला, आणि कळलं की आता 'हो' म्हटलं तर इथंच संपतं, आबा घरी जातील, डोळ्यात थेंब घालतील, रात्री आमटी भुरकतील. हे तिला लख्ख कळलं. पुढं तिला विचार करायला पुष्कळ आयुष्य पडलं होतं, आणि त्या सगळ्या आयुष्यात तिला असं कधीही म्हणता येणार नव्हतं की मला तेव्हा कळलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "त्यांना येतं. त्यांना ओरडावं लागतं फक्त."

ती वाकली, आबांच्या कानाशी तोंड नेलं. त्यांच्या मानेला टाल्कम पावडरचा वास होता. छाती भरली, काठोकाठ. आणि तिनं पोटातून आवाज काढला. फुंका! फुंका, आबा! थांबायचं नाही! आहे अजून! आबांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या उठल्या. रेघ चढली, वळली, पुढं निघाली. आहे, आहे, काढा! आणि मग तिला कळायच्या आत जन्मभराचं 'तुम्ही' गळून पडलं. फुंक! फुंक, म्हाताऱ्या! काढ! काढ! काढ! आबांचे दोन्ही हात खुर्चीच्या कडांवर आवळले होते. रेघ आडवी झाली.

आणखी दोन घेतल्या.

तिसऱ्या चांगल्या फुंकीनंतर नळी आबांच्या तोंडातून आपणच गळून पडली. चिमटा तिनं काढला. ते काही वेळ धापा टाकत बसले, तळवा उजव्या डोळ्यावर दाबून. मग त्यांनी तळवा बाजूला केला, मान एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवली, आणि हात समोर धरला, अंतर चाचपल्यासारखा.

"मित्रा," ते म्हणाले, "खिडक्या लावल्या का गं कुनी?"

खिडक्या उघड्या होत्या. सुशांत खुर्ची पाडत उठला. त्यानं आबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, पापणी उचलली, आणि तिच्याकडं वळून काहीतरी म्हणाला, मोठ्यानं, जसं तो कधी बोलत नसे. ती लॅपटॉपकडं बघत होती. पडद्यावर आकडे एकाखाली एक येत होते. पहिल्या सेकंदातला श्वास, एक पूर्णांक बारा लिटर. अपेक्षितच्या बावन्न टक्के. चांगल्या फुंका तीन. त्यांतला फरक, साठ मिलिलिटर. दर्जा, ए.